भूकंप की कंपनी?

बोईसर परिसरात रात्री मोठा दणका बसला आणि खिडक्यांची तावदानं थरथरली की माणसं दारात येतात आणि शेजाऱ्याला एकच विचारतात, ‘भूकंप की कंपनी?’ 11 जानेवारी 2020 च्या संध्याकाळीही हाच प्रश्न होता. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते, त्यामुळे अनेकांना आधी भूकंपच वाटला. थोड्या वेळाने कळलं ते असं, की तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या कोलवडे गावात, बांधकाम अजून चालू असलेल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला होता. आठ माणसं गेली.

या प्रश्नाला हसू नये. त्याच्या दोन उत्तरांवर दोन उलट्या कृती अवलंबून आहेत. भूकंप असेल तर धक्का थांबताच घर सोडून मोकळ्यावर यायचं. कंपनीत वायुगळती असेल तर घरात शिरायचं, दारं-खिडक्या लावायच्या, फटींत ओली फडकी कोंबायची. एकात मैदान सुरक्षित, दुसऱ्यात मैदानच घातक. उत्तर कळेपर्यंत जी पाच-दहा मिनिटं जातात, त्यांत माणूस उंबऱ्यावर उभा असतो. पालघर जिल्ह्याची आपत्ती-जोखीम म्हणजे काय, हे कुणी मला एका वाक्यात विचारलं तर मी या उंबऱ्यावरच्या माणसाकडे बोट दाखवीन. पुढच्या पानांकडे वळण्याआधी वाचकाने त्याला नीट पाहून घ्यावं, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असतं, त्याचा आराखडा असतो, आणि तो दरवर्षी तपासून अद्ययावत करावा असं कायदाच सांगतो. अमेरिकेतल्या काऊंटीला असा आराखडा दर पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो. आपला कायदा त्याहून कडक आहे. कागदावर. बहुतेक आराखड्यांत एक तक्ता असतो: डावीकडे पूर, वादळ, भूकंप, वीज, दरड, आग, वर तालुक्यांची नावं, चौकटींत ‘जास्त’, ‘मध्यम’, ‘कमी’. तक्ता निरुपयोगी नाही. बोटी कुठे ठेवायच्या, तंबू कुठे, हे ठरवायला तो लागतोच. पण तो वाचताना असा समज होतो की आपत्ती एकेक करून, आपापल्या रांगेतून, तालुक्याची हद्द पाळत येतात.

इथे शब्दाचा थोडा विचार करू. धोका आणि जोखीम हे आपण एकाच अर्थाने वापरतो. पण जुनी माणसं प्रवासाला निघालेल्या बाईला सांगत, ‘अंगावर जोखीम घेऊ नकोस.’ जोखीम म्हणजे दागिने. चोर हा धोका, आणि जोखीम म्हणजे तुम्ही अंगावर काय घेऊन निघालात ते. आपत्तिशास्त्र बऱ्याच आकडेमोडीनंतर जे सांगतं, ते या बोलीत आधीच होतं. समुद्र, जमीन, पाऊस हे धोके. त्यांच्या शेजारी आपण काय मांडलं, कुणाला कसल्या घरात ठेवलं आणि बाहेर पडायला कोणती वाट ठेवली, ही जोखीम. धोक्यावर आपला फारसा इलाज नाही. जोखीम मात्र जवळजवळ सगळी आपल्या हातची.

भूकंपाचंच घ्या. नोव्हेंबर 2018 मध्ये डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या आसपास जमीन हादरू लागली आणि मग हादरतच राहिली. कधी दिवसात एक धक्का, कधी अनेक. शास्त्रज्ञ याला भूकंपमालिका म्हणतात: एक मोठा धक्का आणि त्यामागून उतरते धक्के असं नव्हे, तर लहान-मध्यम धक्क्यांची लांबत जाणारी माळ. दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था यांनी भूकंपमापक बसवले. केंद्रबिंदू उथळ असल्यामुळे लहान धक्काही मोठ्या आवाजासह, पायाखाली सुरुंग उडाल्यासारखा जाणवतो. पावसाचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून खोल झिरपतं आणि आधीच ताणाखाली असलेल्या खडकाला सरकायला वाव देतं, असं एक स्पष्टीकरण संशोधकांनी मांडलं आहे. गावात मात्र पहिला संशय धामणीच्या धरणावर गेला. तो अगदी अडाणी म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप महाराष्ट्र विसरलेला नाही, आणि शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा धरण भरताना 1983-84 मध्ये धक्के बसले होतेच.

आता आकड्यांकडे पाहा. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. 1993 चा किल्लारीचा भूकंप 6.2 च्या घरातला होता. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते, म्हणजे किल्लारीत सुटलेली ऊर्जा हजार पटीहून जास्त. त्या हिशेबाने डहाणूचा धक्का किरकोळ ठरतो. तरीही त्या दिवशी घाबरून बाहेर पळण्याच्या धांदलीत दोन वर्षांची एक मुलगी दगावली. जुलै 2019 मध्ये भर पावसाळ्यात रात्रीच्या धक्क्यांनी घर कोसळून आणखी एक जण गेला. थंडीच्या दिवसांत लोक अंगणात, तंबूंत झोपले; शाळा तंबूंत भरल्या. तक्त्यात याची चौकट ‘मध्यम’ असते. देशाच्या 2002 च्या भूकंपनकाशात हा भाग तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्याचाच आहे. नकाशा चुकलेला नाही. फक्त त्यात भिंत दिसत नाही.

भिंतीबद्दल सांगायलाच हवं. वारली पाड्यांवरचं जुनं घर कुडाचं: कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचं लिंपण, आत लाकडी खांबांचा सांगाडा. ते हलतं, करकरतं, लिंपणाचे पोपडे पडतात. पण भिंत अंगावर आली तरी तिचं वजन माणूस दडपण्याइतकं नसतं. त्या जागी गेल्या काही दशकांत विटांची घरं आली. पक्कं घर ही प्रगतीच, आणि ते मागणाऱ्याला कुडात राहा म्हणण्याचा अधिकार शहरातल्या कुणालाही नाही. प्रश्न असा की त्या विटांच्या भिंतीत दारा-खिडक्यांच्या वरून चारही बाजूंनी फिरणारा सळई-काँक्रीटचा पट्टा आहे का, कोपरे एकमेकांत गुंफले आहेत का, छपराच्या पत्र्यावर दगड रचून ठेवलेत का. पट्टा नसेल तर घर दिसायला पक्कं आणि हादरा बसला की कच्चं. किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी माणसं मारली, तेव्हाच हा धडा महाराष्ट्राला मिळाला होता. माझ्या मते धुंदलवाडी परिसरातला सर्वांत महत्त्वाचा आपत्ती-अधिकारी हा गावातला गवंडी आहे. त्याला काय येतं आणि घरकुलाच्या हप्त्यात पट्ट्याचा खर्च बसतो का, हे ज्या आराखड्यात लिहिलेलं नाही तो भूकंपाबद्दल बोलतच नाही.

धुंदलवाडीपासून सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरवर समुद्रकाठी तारापूरचं अणुविद्युत केंद्र आहे. पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून 1969 मध्ये व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. देशातलं हे पहिलं अणुविद्युत केंद्र. तिसरी आणि चौथी, प्रत्येकी 540 मेगावॉटच्या, 2005-06 मध्ये सुरू झाल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. या केंद्राविषयी लिहिताना दोन सवयी टाळायला हव्यात. एक, सगळं सुरक्षित आहे असं सांगून विषय मिटवण्याची. दुसरी, भोपाळ-चेर्नोबिलची नावं घेऊन गारठवून टाकण्याची. जोखीम मोजायची तर आधी आखणी पाहावी.

आखणी अशी: केंद्राभोवती 1.6 किलोमीटरपर्यंत वस्तीला मनाई, पुढे पाच किलोमीटरपर्यंत वाढीवर नियंत्रण, आणि सोळा किलोमीटरपर्यंत आणीबाणीच्या नियोजनाचं क्षेत्र. हे वर्तुळ केकासारखं सोळा पाकळ्यांत कापलेलं असतं. किरणोत्सर्ग बाहेर पडलाच तर वारा ज्या दिशेला वाहतो, त्या पाकळ्यांतली माणसं आधी. आयोडीनच्या गोळ्या, घरात थांबणं, स्थलांतर, या पायऱ्या त्या क्रमाने ठरतात. आवाराबाहेरच्या कारवाईची जबाबदारी केंद्राची नसून जिल्हाधिकाऱ्यांची. ठरावीक काळाने सराव होतात.

आता हे वर्तुळ पालघरच्या नकाशावर ठेवून पाहा. जवळजवळ अर्धं समुद्रात पडतं, म्हणजे पळायला अर्ध्याच दिशा उरतात; आणि पावसाळाभर वारा नैऋत्येकडून जमिनीवर येतो, म्हणजे त्याच अर्ध्यावर. या अर्ध्यात काय आहे? तारापूर, चिंचणी, नवापूर, दांडी, उच्छेळी ही किनाऱ्यावरची गावं. बोईसर स्टेशन. तारापूरची संपूर्ण औद्योगिक वसाहत. मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्ग. पालघर शहर थोडक्यात बाहेर राहतं. नियोजनाच्या या वर्तुळात 1969 मध्ये होती ती वस्ती आता नाही. त्यानंतर वसाहत उभी राहिली, तिच्या मागे चाळी आल्या, चाळींमागे इमारती आल्या, एप्रिल 2013 मध्ये मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि बोईसर हे मुंबईचं दूरचं उपनगर होऊन बसलं. अणुभट्टी होती तिथेच आहे. जोखीम लोकलमधून उतरून तिच्याकडे चालत आली.

जपानमध्ये मार्च 2011 मध्ये भूकंप झाला, त्याने त्सुनामी आणली, त्सुनामीने फुकुशिमाच्या केंद्राची वीज घालवली आणि वीज गेली म्हणून अणुभट्ट्या थंड करता आल्या नाहीत. भूकंप, पूर, वीज, किरणोत्सर्ग: तक्त्यातल्या चार वेगवेगळ्या रांगा, एकच दुपार. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या त्याच उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या असल्यामुळे इथे तपासण्या झाल्या, सुधारणा झाल्या. अरबी समुद्रातही त्सुनामी येऊ शकते, हे 28 नोव्हेंबर 1945 ला मकरानच्या किनाऱ्यावरच्या भूकंपाने दाखवलं आहे. तिच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या. आज हैदराबादहून त्सुनामीचे इशारे निघतात. वडराईच्या कोळणीपर्यंत तो इशारा किती मिनिटांत पोचतो, हा आकडा आराखड्यात असायला हवा.

औद्योगिक वसाहतीबद्दल थोडक्यात, कारण तिच्यावर बरंच लिहून झालं आहे. मार्च 2018, जानेवारी 2020, ऑगस्ट 2020, ऑक्टोबर 2022 आणि ऑगस्ट 2025 मध्ये इथे माणसं मारणारे स्फोट किंवा वायुगळती झाल्या. यादी यावर संपत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांनी देशात पहिलं आलं. असला पहिला नंबर कोणत्याही गावाला न मिळो. सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाची परिषद हरित लवादात गेली, तीही मासळी उरली पाहिजे म्हणून. नैसर्गिक आपत्तीच्या पुस्तकात हे कशाला, असं कुणी विचारेल. कारण पाऊस. अतिवृष्टीत नाले फुगतात, सांडपाण्याच्या वाहिन्या ओसंडतात, आणि कारखान्यातून निघालेलं काहीबाही खाडीच्या भरतीत मिसळून भातशेतात येतं. कारण वीजही. वादळात वीज गेली की रसायन थंड ठेवणारी यंत्रणा कशावर चालते, हा प्रश्न प्रत्येक कारखान्याच्या दारात विचारायचा आहे.

समुद्राकडे वळलं की जिल्ह्याला एक खोटा दिलासा आहे: वादळं येतात, पण शेजारी जातात. फयान 2009 मध्ये अलिबाग-मुंबईच्या मध्ये किनाऱ्याला लागलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळासाठी करोनाच्या काळात इथली किनारपट्टी रिकामी केली, आणि ते रायगडात घुसलं. 17 मे 2021 ला तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेलं. एवढ्यावर सुटलो म्हणणाऱ्याने दोन गोष्टी आठवाव्यात. तौक्ते किनाऱ्याला न लागताही डहाणू-घोलवडच्या चिकूच्या बागा आडव्या करून गेलं. आणि नांगर तुटलेला ‘गॅल कन्स्ट्रक्टर’ नावाचा तराफा 137 माणसांसह वाहत वडराईच्या किनाऱ्यावर येऊन रुतला. माणसं तटरक्षक दलाने सोडवली. असा वाहून आलेला तराफा कोणत्याही तालुक्याच्या तक्त्यात नव्हता. तो दहा-बारा मैल वर सरकला असता तर कुठे लागला असता, हे वाचकाने नकाशावर स्वतः पाहावं.

सातपाटीच्या तांडेलाला बंदरावरचा बावटा दिसण्याआधी वारा फिरल्याचं कळतं, असं आपण कौतुकाने लिहितो. खरंही असेल. पण अरबी समुद्र तापतो आहे, वादळं लवकर बळावताहेत, आणि पापलेटच्या मागे बोटी आता इतक्या लांब जातात की वारा फिरल्यावर परत यायला अख्खा दिवस लागतो. अंदाज चुकत नाही, अंतर वाढलं आहे. किनाऱ्याची धूप ही दुसरी, संथ आपत्ती. सातपाटीपासून एडवणपर्यंत धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांवर माणसं उधाणाच्या रात्री पाणी मोजत बसतात. आता वाढवणला बंदर होणार आहे: केंद्राची मंजुरी जून 2024 मध्ये मिळाली, समुद्रात सुमारे 1,448 हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरची लाटरोधक भिंत नियोजित आहे. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला. बंदर हवं की नको यावर इथे मी बोलत नाही. इतकंच म्हणतो की एवढा भराव पडल्यावर भरतीचं पाणी, वाळू आणि लाट कुठे वळते ते पुन्हा मोजावं लागेल. आजवरचे धुपेचे नकाशे त्या दिवशी जुने होतील.

जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेने मोजलेल्या इथल्या सुमारे तीस लाख लोकांपैकी बारा लाखांहून अधिक एकट्या वसई-विरार शहरात, आणि सदतीस टक्के आदिवासी. हे दोन आकडे एका जिल्ह्यात नांदतात, म्हणून इथे सरासरीला अर्थ नाही. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालकं 1992 मध्ये गेली ती कुपोषणाने. त्या वर्षी कोणतंही वादळ आलं नव्हतं. तक्त्यात भुकेची रांग नसते.

आणखी एक गोष्ट तक्त्याला दिसत नाही. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडची घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, मिठागरांवर जातात. म्हणजे फेब्रुवारीत मोखाड्यात भूकंप झाला तर मृतांचा अंदाज मोखाड्याच्या लोकसंख्येवरून करून चालत नाही, आणि वसईत काही झालं तर तिथल्या मतदारयादीत नसलेली माणसं आधी सापडतात. शिवाय त्यांनीच थापलेल्या विटांच्या इमारतींत वसई-विरार राहतं. जोखीम माणसाबरोबर हिंडते; आराखडा मात्र जागेवर बसलेला असतो.

वसईचा जुलै 2018 चा पूर अनेकांनी पाहिला आहे. नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी, गाड्या जागच्या जागी, दिवसभर वीज नाही, आणि मिठागराच्या वस्तीत शेकडो माणसं पाण्याने वेढलेली. त्या पावसात आश्चर्य वाटावं असं काही नव्हतं. पावसाला खाडीकडे जायच्या वाटा भरल्या होत्या. नंतर आयआयटी मुंबई आणि नागपूरच्या ‘नीरी’ला अभ्यासाला बसवलं. उपग्रहाच्या प्रतिमा, पावसाच्या नोंदी, भरतीचं कोष्टक सगळं मिळतं. जे मिळत नाही ते म्हणजे अमुक गल्लीत पाणी नेमकं किती वर आलं होतं. संगणकातला पूर खरा की खोटा हे ठरवायला तेच लागतं, आणि ते फक्त तिथे राहणाऱ्यांना माहीत असतं. दोन-तीन दिवाळ्यांचे रंग चढले की तेही पुसलं जातं.

तेव्हा वाचकाला एक काम सांगून थांबतो. तुमच्या घराच्या, चाळीच्या, देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत असेल, तर रंग काढण्याआधी जमिनीपासून तिची उंची मोजा, तारीख लिहा, आणि तो कागद ग्रामपंचायतीत किंवा प्रभाग कार्यालयात देऊन पोच घ्या.